फळांची चित्रं, फळांचा खाऊ : पाण्यापायी फसतात त्या चुका

नेरुळच्या आमच्या सोसायटीत मे महिन्यात दर रविवारी सकाळी दहा-बारा पोरं क्लबहाऊसमध्ये जमतात. आधी फळांचे ठसे आणि चित्रं, मग त्याच फळांचा खाऊ. पहिल्या रविवारी मी मोसंबी, सफरचंदं, पेरू असं भरपूर घेऊन मोठ्या उत्साहात बसले. दोन तासांनी समोर होते डबक्यासारखे गुलाबी ठसे आणि पातेलंभर पांचट कस्टर्ड. दोन्हीकडे खोडी एकाचीच होती : पाण्याची. कलिंगडात सुमारे 92 टक्के पाणी, सफरचंदात 85 च्या आसपास, केळ्यातसुद्धा साधारण 75. हे लक्षात ठेवलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

ठसा पसरतो, पाकळ्या दिसतच नाहीत

मोसंबं आडवं कापायचं आणि लगेच रंगात बुडवायचं, ही सगळ्यांची पहिली चूक. रस रंगात मिसळतो आणि कागदावर नुसता गोल उमटतो. कापलेलं मोसंबं हलकं दाबून रस वाटीत काढा. अजून रंग लागलेला नाही, त्यामुळे तो पोरांनी खुशाल प्यावा. मग कापलेली बाजू वर्तमानपत्रावर पालथी घालून 15-20 मिनिटं ठेवा, कागद भिजला की बदला. पोरांना एवढा धीर नसतो, म्हणून कापाकापी ती यायच्या आधीच उरकून ठेवायची.

रंग ताटलीत ओतायचा नाही. स्पंजवर किंवा जुन्या सुती कापडाच्या घडीवर पोस्टर कलर पाणी न घालता पसरवा आणि फळ त्यावर टेकवा, शाईच्या पॅडवर रबरी शिक्का टेकवतात तसं.

ठशाच्या मधोमध पांढरा डाग राहतो? फळ करवतीसारखं मागेपुढे करत कापलं गेलंय, मध्ये खळगा पडलाय. मोठ्या धारदार सुरीने एकाच दाबात कापा, आणि हे काम मोठ्यांनीच करा. तरी खळगा राहिलाच, तर चित्राच्या कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी घाला. खालची गादी मऊ असली की कागदच फळाला भिडतो.

आणि हो, खायला जे फळ उत्तम ते ठशाला कुचकामी. पिकलेला पेरू दाबला की चेपतो, केळ्याची तर गोष्टच सोडा. ठशाला टणक, कच्चट फळ हवं. तुर्भ्याच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून, चार घरांनी मिळून पेटी आणली, तर त्यातली कडक फळं आधी बाजूला काढा आणि बाकीची खाऊसाठी ठेवा. सफरचंद देठापासून उभं न कापता आडवं कापलंत तर बियांच्या घराची पाच टोकांची चांदणी उमटते. करंबळ (स्टारफ्रूट) मिळालं तर काही विचारूच नका, त्याची प्रत्येक चकती म्हणजे आयती चांदणी.

रंगाच्या डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं म्हणून ठशाचं फळ धुऊन कोशिंबिरीत टाकणारे पालकही मी पाहिलेत. तसं करू नका. तो रंग खाण्यासाठी नाही. रंगाचं टेबल वेगळं, खाण्याचं वेगळं, सुरी आणि पाटसुद्धा वेगळे. पाटाला कांद्याचा वास नाही ना, तेही एकदा हुंगून बघा.

आंबा काढला, कैरी झाली

हापूसचं चित्र काढताना सावली दाखवायला पोरं पिवळ्यात काळा रंग मिसळतात. पिवळा अधिक काळा म्हणजे शेवाळी हिरवा! सावलीसाठी पिवळ्यात थोडा तपकिरी किंवा अगदी किंचित जांभळा घाला. चमक दाखवायला वरून पांढरा थोपू नका, तिथला कागद सुरुवातीपासून कोराच सोडा. आणि पातळ ड्रॉइंग पेपरवर वॉटर कलर केला की कागदाच्या लाटा होतात, तेव्हा 200 जीएसएमच्या पुढचा, म्हणजे जाड, कागद घ्या.

कस्टर्ड पातळ, कडू किंवा काळं

अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर पुरते. पावडर आधी गार दुधात कालवा. गरम दुधात थेट टाकली तर गुठळ्या होणारच, मग कितीही ढवळा. कस्टर्ड फ्रिजमध्ये पूर्ण गार झाल्याशिवाय त्यात फळ घालायचं नाही, आणि घालायचं तेही वाढायच्या वेळी. गरम कस्टर्डात किंवा साखर भुरभुरून तासभर ठेवलेलं फळ पाणी सोडतं, तेच तळाशी साचतं. धुतलेली फळं फडक्याने कोरडी करा. द्राक्षं, डाळिंब, चिकू, सफरचंद चालतात. कलिंगड आणि संत्रं नुसतंच खा.

सफरचंदाच्या फोडी हवा लागून काळ्या पडतात. लिंबू पिळलं तर काळं पडणं थांबतं, पण दूध फाटायची भीती असते. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून फोडी पाच मिनिटं त्यात ठेवा, निथळा, पुसा. केळ्याला हा उपाय नाही. केळं वाढतानाच चिरा. शिकरणही तसंच, करा आणि लगेच खा.

कडू लागलं तर अननसावर संशय घ्या. न शिजवलेल्या अननसातलं ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, त्याने कडवटपणा येतो. किवीचीही हीच खोड. अननसाचे तुकडे साखरेत पाचेक मिनिटं चांगले शिजवून घ्या, गार झाल्यावर वापरा. याच कारणाने न शिजवलेल्या अननसाची जेली जिलेटिनने जमत नाही, जिलेटिनही प्रथिनच ना. आम्ही चायना ग्रास वापरतो. ते समुद्री शेवाळाचं, प्रथिन नव्हे, त्यामुळे अननसासमोर टिकतं. शिवाय क्लबहाऊसच्या उकाड्यातही वितळत नाही. फक्त पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा आणि रस गॅस बंद केल्यावर घाला, कारण आंबट रसात उकळलं की ते सैल पडतं.

जांभळाचा रंग आणि मुंग्या

जूनमध्ये आम्ही जांभळं उकळून रंग केला. त्यावर लिंबाचा रस फिरवला की गुलाबी, खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं की निळसर. पोरं तासभर जागची हलली नाहीत. चित्रं भिंतीवर लावली. चूक तिथेच झाली. रंगात गराची साखर राहिलेली, त्यात पावसाळी दमट हवा, कागद चिकटच राहिला आणि सकाळी मुंग्यांनी आंब्यापासून फुलपाखरापर्यंत सगळ्या चित्रांवर ठिय्या दिला होता. आता गर कमी आणि सालं जास्त घेऊन उकळतो, मलमलच्या फडक्यातून गाळतो आणि चित्रं पंख्याखाली दोरीवर वाळत घालतो. हा रंग उन्हात उडतोही लवकर, म्हणून चित्राचा फोटो त्याच दिवशी काढून घ्या.