पन्नाशीसाठी कॅरिबियन बेट निवडताय? या चुका टाळा

आमच्या न्यू जर्सीच्या मराठी गोतावळ्यात कुणाची चाळिशी, पन्नाशी, साठी जवळ आली की मला एक मेसेज ठरलेला: “कॅरिबियनमधलं बेस्ट बेट कुठलं गं?” सोबत एक रील. निळंशार पाणी, तरंगणारा नाश्त्याचा ट्रे, पाठमोरी बाई. मी उलट विचारते: तारीख काय, पासपोर्ट कुठला, वाढदिवस दोघांपैकी कुणाचा, आणि गाडी-बोट कुणाला लागते? यावर बहुतेक जण वैतागतात. त्यांना नाव हवं असतं, तेही आत्ता, कारण तिकिटांचा सेल रात्री बारा वाजता संपणार असतो. बेट सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं हे कितीही सांगितलं तरी लोक ते आधी ठरवतात आणि मग निस्तरायला मला फोन करतात.

सप्टेंबरातली ‘डील’

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत खरा जोर. पंचतारांकित हॉटेल सप्टेंबरात निम्म्या भावात मिळतं ते तुमच्या नशिबाने नव्हे, या कारणाने. २०१७च्या सप्टेंबरात आधी इर्मा वादळाने बार्बुडा आणि सेंट मार्टिन झोडपलं, आणि साधारण दोन आठवड्यांत मारियाने डॉमिनिका आणि पोर्तो रिको. “जुलैत काही नसतं” म्हणणाऱ्यांसाठी: बेरिल कारियाकू बेटावर धडकलं ते १ जुलै २०२४ला. “ऑक्टोबर संपत आला की निवांत” म्हणणाऱ्यांसाठी: मेलिसा जमैकावर आलं ते २८ ऑक्टोबर २०२५ला, सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीचं होऊन.

वाढदिवस या काळात असेल तर मी फार विचार न करता अरुबा, बोनेर, कुरसाव या तीन बेटांकडे बोट दाखवते. ती पार दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ आहेत आणि वादळं सहसा त्यांच्या वरून, उत्तरेकडून निघून जातात. दुसरा उपाय लोकांना पटत नाही, पण माझा आवडता: वाढदिवस सप्टेंबरात घरी करा, सहल फेब्रुवारीत काढा. पन्नाशी वर्षभर टिकते.

प्रवास विमा बुकिंगच्या दिवशीच घ्या. वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळासाठी उपयोगाचा नसतो.

स्टॅम्प संपलेला पासपोर्ट

ही चूक माझ्या डोक्यात जाते, कारण ती करणारी माणसं शिकलेली, एक्सेल शीटमध्ये सहलीचा मिनिटामिनिटाचा हिशोब मांडणारी असतात.

ओळखीतलं एक जोडपं. तो एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), ती एच-४वर (त्याच्या जोडीदाराचा). एक्स्टेंशन मंजूर झालेलं, कागद हातात, पण पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प केव्हाच संपलेला. त्याच्या ऑफिसातला कुणीतरी अशाच स्थितीत कॅनडाला चार दिवस जाऊन सुखरूप आला होता. कॅनडा चालतं तर बार्बाडोस का नाही, असा सरळ हिशोब. तिच्या चाळिशीचं बुकिंग झालं. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे जाताना कुणी हटकलं नाही. किनारा झाला, केक झाला, कासवांसोबत पोहणं झालं. परतीच्या दिवशी ब्रिजटाउनच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उलटसुलट चाळला आणि विचारलं, “अमेरिकेचा व्हिसा?”

नियम असा आहे. संपलेल्या स्टॅम्पवर अमेरिकेत परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-१बी आणि एच-४वाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या तीस दिवसांपर्यंतच्या फेरीसाठी. लगतच्या बेटांसाठी ती एफ आणि जे व्हिसावाल्यांना, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाल्यांना आहे. त्यातही क्यूबा वगळून. म्हणजे युनिव्हर्सिटीत शिकणारा पोरगा बार्बाडोसहून परत येऊ शकतो आणि त्याचा नोकरदार काका येऊ शकत नाही. विचित्र आहे, पण काउंटरवर वाद घालून बदलणारं नाही.

पुढे व्हायचं ते झालं. तिथल्या अमेरिकन वकिलातीत अपॉइंटमेंट मिळेना. लंडनमार्गे भारतात जावं, तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचा नवा घोळ. शेवटी लांबच्या वाटेने मुंबई, तिथे स्टॅम्पिंगची तारीख, आणि इकडे दोन शाळकरी मुलं आळीपाळीने मंडळातल्या लोकांकडे. त्यांचे डबे मी भरले आहेत, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय.

स्टॅम्प संपलेला असेल आणि समुद्र हवाच असेल, तर पोर्तो रिको किंवा यूएस व्हर्जिन आयलंड्स. ती अमेरिकेचीच भूमी, त्यामुळे थेट विमानाने गेलात-आलात तर देश सोडल्याचा प्रश्न येत नाही. मूळ कागद मात्र जवळ ठेवा. व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट थॉमसहून निघताना तपासणी होते. त्याच्या शेजारच्या सेंट जॉन बेटाचा अर्ध्याहून जास्त भाग राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथला ट्रंक बे कुठल्याही रीलच्या तोडीचा आहे. आणि हो, सेंट थॉमसहून निघणारी ती एका दिवसाची गोड बोट-सहल, जी ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच्या ‘द बाथ्स’ला नेते, तिच्यात चुकूनही चढू नका. ती बोट अमेरिकेबाहेर जाते.

भारतातून येणाऱ्यांसाठी एवढंच: अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. कोणत्या बेटाला कोणता व्हिसा, ते त्या बेटाच्या सरकारी साइटवर बुकिंगच्या आधी बघा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्हे.

वाढदिवस कुणाचा आहे?

दुसरा लाडका घोटाळा म्हणजे सरप्राइज. सरप्राइज द्यायचं तर अंगठी द्या, साडी द्या. आठवड्याची सहल आणि हजारो डॉलर हे सरप्राइजचं प्रकरण नाही.

एका गृहस्थांनी बायकोच्या पन्नाशीला गुपचूप सेंट लुशिया ठरवलं. कारण फोटो: समुद्रातून उभे ठाकलेले ग्रो पिटॉन आणि पेटी पिटॉन हे दोन सुळके. २००४पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि खरोखर देखणे आहेत. हॉटेल घेतलं रॉडनी बेला, रिव्ह्यू चांगले म्हणून. आता नकाशा बघा. मोठी विमानं उतरतात तो हेवनोरा विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला, व्यू फोर्टजवळ. रॉडनी बे उत्तर टोकाला. मध्ये दीड तासाचा, डोंगर ओलांडत जाणारा वळणावळणाचा रस्ता. आणि या बाई खंडाळ्याचा घाटसुद्धा अ‍ॅव्होमिन घेतल्याशिवाय चढत नाहीत! सरप्राइज असल्यामुळे गोळी घेतलेली नव्हती. पन्नाशीची संध्याकाळ त्यांनी पडदे ओढून, लिंबू हुंगत काढली. हॉटेलने पाठवलेला केक नवऱ्याने एकट्याने खाल्ला.

बरं, ज्यासाठी गेले ते पिटॉन नैऋत्येला, सूफ्रिएरजवळ. म्हणजे पुन्हा तसाच घाट, नाहीतर बोट. यांनी अर्थात कॅटमरान बुक केली होती. बाईंना बोटही लागते.

माझी पद्धत साधी आहे. दोघांना वेगवेगळ्या कागदावर ‘काय नको’ ते लिहायला सांगते. ‘काय हवं’ विचारलं की दोघेही एकमेकांना बरं वाटेल ते लिहितात. ‘नको’ खरं असतं. घाट नको, बोट नको, चढण नको, लहान पोरांचा कालवा नको, डासांची भीती. मग ज्याचा वाढदिवस त्याच्या यादीला झुकतं माप. गाडी लागणाऱ्यांसाठी मी विमानतळ ते खोली हे अंतर आधी बघते. ग्रेनेडाला विमानतळापासून ग्रांड आन्स किनारा दहा-पंधरा मिनिटांवर, अरुबाला पाम बीच साधारण वीस मिनिटांवर, अँटिग्वाला डिकन्सन बेही जवळच. सेंट लुशियाच हवं असेल तर जरूर जा, पण उत्तरेकडच्या कास्ट्रीजजवळच्या छोट्या विमानतळावर उतरणारं विमान मिळतंय का बघा, किंवा सरळ सूफ्रिएरला राहा आणि गोळी घ्या.

गुडघे दुखतात त्यांना डॉमिनिकाला नेऊ नका. तिथला बॉयलिंग लेकचा ट्रेक दिवसभराचा आहे आणि पांढऱ्या वाळूचे किनारे शोधावे लागतात. (डॉमिनिका वेगळं, डॉमिनिकन रिपब्लिक वेगळं. पुंता काना दुसऱ्यात आहे. तिकीट काढताना वाचा.)

बेट बरोबर, बाजू चुकीची

इथे वारे बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे पूर्वेचे, अटलांटिककडचे किनारे खवळलेले आणि पश्चिमेचे, कॅरिबियन समुद्राकडचे शांत. बार्बाडोसच्या पूर्वेला बाथशिबा आहे. प्रचंड खडक, फेसाळ लाटा, फोटो अप्रतिम. सर्फिंगवाल्यांची पंढरी, पण पोहायला धोक्याचं. तिथे स्वस्तात खोली मिळाली म्हणून हरखणारे लोक चार दिवस काठावर बसून येतात. पोहायचं असेल तर पश्चिमेला होलटाउनच्या बाजूला राहा, बाथशिबाला दुपारी जाऊन या.

त्यात भर सरगॅसमची. हे तपकिरी समुद्री शेवाळ २०११पासून लाटांबरोबर ढिगांनी येऊ लागलंय, साधारण वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत, आणि जास्त करून पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्यांवर. कुजलं की सडक्या अंड्यांचा वास. हॉटेलच्या साइटवर ते कधीच दिसणार नाही. मी गेल्या दोन-तीन आठवड्यांतले पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघते, आणि हॉटेलचं तोंड पश्चिमेला आहे का ते नकाशावर. पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटं नसतील तर लोणावळ्याला जा.

बाकीच्या, भराभर

एका आठवड्यात जमैका, बार्बाडोस, अरुबा ‘करणारे’ महाभाग आहेत. जमैका ते बार्बाडोस सुमारे १,९०० किलोमीटर आहे, आणि थेट विमान मिळेलच असं नाही. एक बेट, फार तर फेरीबोटीने जोडलेलं दुसरं.

बार्बाडोस, सेंट लुशिया, जमैका, ग्रेनेडामध्ये गाडी डावीकडून चालते. यूएस व्हर्जिन आयलंड्समध्येसुद्धा, आणि तिथे स्टीअरिंग मात्र अमेरिकेसारखं डावीकडेच. पहिल्या दिवशी टॅक्सी करा.

लष्करी छापाची, कॅमोफ्लाज चड्डी-टोपी घरी ठेवा. बार्बाडोस, सेंट लुशिया, जमैकासह बऱ्याच बेटांवर सामान्य माणसाला ती घालायला कायद्याने बंदी आहे.

सनस्क्रीनवरचे घटक वाचा. ऑक्सिबेन्झोन असलेलं यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये चालत नाही.

शाकाहारी असाल तर “व्हेज आहोत” एवढं पुरत नाही. मासे, कोंबडीचा रस्सा, डुकराच्या शेपटीचा तुकडा यांपैकी काहीच नको असं तपशिलात सांगा, कारण ‘राइस अँड पीज’सारख्या निरागस वाटणाऱ्या भातातही खारवलेलं मांस असू शकतं. जमैकात ‘इटल’ लिहिलेली खानावळ शोधा, ते रास्तफारी पंथाच्या लोकांचं बिनमांसाचं जेवण. मीठ कमी असतं, लोणच्याची पुडी जवळ ठेवा. वाढदिवसाचा केक बिनअंड्याचा हवा असेल तर आठवडाभर आधी ईमेलवर लेखी कळवा, आणि त्यात रम नको असेल तर तेही लिहा, कारण तिकडे केकात रम घालायला कुणाला निमित्त लागत नाही. आणि खाण्यावरच जीव असेल तर त्रिनिदादचा विचार करा. १८४५पासून गिरमिटिया म्हणजे करारावरचे मजूर म्हणून गेलेल्या आपल्या लोकांची वस्ती, सकाळी गाड्यावर गरमागरम ‘डबल्स’: दोन मऊ ‘बारा’ (तळलेल्या पुऱ्या), मध्ये छोल्यांची रस्सेदार भाजी, वर तिखट चटणी. ‘स्लाइट पेपर’ म्हणजे थोडं तिखट. ते ‘थोडं’ त्यांच्या हिशोबाचं असतं, आपल्या नव्हे.