शब्दकोडं अडलं? अनेकार्थी शब्दांच्या या चुका टाळा

कोडं अडतं ते बहुतेक वेळा शब्द ठाऊक नसतो म्हणून नव्हे. ओळखीच्या शब्दाचा पहिला अर्थ सुचला की आपण तिथेच थांबतो, म्हणून.

'उधाणाच्या उलट (२)' हा संकेत घ्या. हात लगेच 'ओहोटी'कडे जातो. पण ओहोटीला तीन चौकोन लागतात, आणि ती उलट असते भरतीच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास हीच ओढ काटकोनात असते, चढ-उतार कमी होतो, तो भांग. उत्तर 'भांग'. मालवण-वेंगुर्ल्याच्या मच्छीमाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. कोडं घेऊन बसलेल्याला मात्र केस विंचरायचा भांग नाहीतर शिवरात्रीची भांगच आठवते.

इथे लिंग कामाला येतं. केसांतला 'तो' भांग, प्यायची 'ती' भांग, आणि भरती 'भांगाची', 'भांगेची' नव्हे. 'ती' वात समईतली, 'तो' वात वैद्याकडचा. 'ती' खार झाडावरची, 'तो' खार लोणच्यातला. म्हणून संकेतातलं क्रियापद आधी वाचा: पडतो की पडते, चढतो की चढते. अर्धे पर्याय तिथेच गळतात.

वचनाचंही तसंच. 'बांगडा, पापलेट वगैरे (२)' म्हटलं की 'मासे'. 'तोळ्याचा बारावा भाग (२)' म्हटलं की 'मासा'. फरक एका मात्रेचा, पण शेवटच्या चौकोनातून जाणारा उभा शब्द त्या मात्रेवरच बसतो किंवा फसतो. आणि 'रंग (४)' दिसल्यावर चार अक्षरी रंग आठवेना, तर मासळी बाजारात डोकावा: सुरमई.

आपल्या भागातला अर्थ सगळीकडे चालेल असं धरणं ही कोकणातल्यांची खास चूक. 'बोंडातून निघतो (३)' वाचून काजू डोळ्यांसमोर येतो. आधी चौकोन मोजा, काजूला दोनच. शिवाय काजूची बी बोंडातून निघत नाही, बोंडाच्या टोकाला बाहेर लटकते. कोडं करणाऱ्याच्या मनात कपाशीचं बोंड आहे, उत्तर कापूस. उलट 'नारळी-पोफळीची बाग (३)' हा संकेत घाटावरच्याला अडवेल, इथे 'आगर' चटकन सुचतं. मात्र 'एसटीचा मुक्काम (३)' म्हणजे 'आगार'. दोन्ही तीन अक्षरी, पहिलं-शेवटचं अक्षर तेच. मधला चौकोन 'ग' की 'गा', हे उभ्या शब्दावरून ठरल्याशिवाय पेन लावू नका.

ऱ्हस्व-दीर्घाची गडबड सगळ्यात चिवट. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. १९६२च्या लेखननियमांनी यात आणखी एक गंमत केली. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ऱ्हस्वान्त शब्दही सुटे असताना दीर्घ लिहायचे, समासात पहिलं पद असताना मात्र ऱ्हस्व. त्यामुळे रविवारात 'वि', पण सूर्य एकटा असेल तर 'रवी', म्हणजे ताक घुसळायच्या रवीसारखाच. 'हात (२)' याचं उत्तर 'पाणी' येऊ शकतं ते त्यामुळेच. पाणिग्रहणातलं 'पाणि' सुटं झालं की दीर्घ होतं. याच नियमांनी उच्चारात नसलेला अनुस्वार काढला आणि 'नांव' व 'नाव' हा भेद पुसला. आता माणसाचं नाव आणि खाडीतली नाव सारखीच. जुन्या अंकातली कोडी सोडवताना हे ध्यानात ठेवा. 'नांगर'वरचा अनुस्वार मात्र उच्चारात आहे, तो शेतातला असो की गलबताचा, राहणारच.

जोडाक्षर एकाच चौकोनात: रत्नागिरी चार घरांत बसते (र, त्ना, गि, री). हे न पाळता पाच-सहा घरं शोधणारे बरेच असतात.

कोपरा पूर्ण अडला तर मोठे शब्द खोडू नका. आधी दोन अक्षरी शब्दांवर संशय घ्या: कर, वर, पार, पाट, वार. 'हात'साठी कर, हस्त, बाहू, पाणी असे चार पर्याय पेन्सिलीने पानाच्या समासात लिहा आणि छेदणाऱ्या शब्दाचं एक तरी अक्षर मिळेपर्यंत चौकोन कोरे ठेवा. दुसऱ्या घरात 'णी' आलं तर प्रश्न मिटला. पहिल्या घरात 'क' आलं तर 'कर', आणि मग शेजारचा 'सरकारला भरतात (२)' हा संकेतही तपासा. एकाच कोड्यात तोच शब्द दोनदा सहसा येत नाही, तेव्हा तिथे 'सारा' बसतो का बघा.