खेळाडूची धाकधूक मोजताना या चुका टाळा

सामन्याआधी पोरीच्या तळहातांना घाम सुटला, की 'ही घाबरट आहे' असा शिक्का मारणारे प्रशिक्षक सगळ्याच मैदानांवर भेटतात. मीही त्यातलाच होतो. मग प्रश्नावल्या हाती आल्या आणि चुका करायला नवी जागा मिळाली.

पहिली गफलत स्वभाव आणि प्रसंग यांची. अमेरिकी क्रीडा मानसशास्त्रज्ञ रेनर मार्टेन्स यांची १९७७ची 'स्कॅट' चाचणी स्पर्धेची चिंता करायचा मूळ स्वभाव मोजते. ती अंतिम सामन्याच्या सकाळी भरून घेतली, तरी 'आज कसं वाटतंय' हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी 'सीएसएआय-२' ही वेगळी प्रश्नावली आहे: २७ विधानं, नऊ-नऊचे तीन गट. मनातली काळजी, अंगावर दिसणारी लक्षणं आणि आत्मविश्वास.

आणि इथेच सर्वांत मोठा घोळ होतो. तिन्ही गटांची बेरीज करायची नसते! प्रत्येक गटाचे गुण ९ ते ३६, ते वेगवेगळेच वाचायचे. मी एकदा सगळं एकत्र मिळवलं आणि आमच्या कबड्डी संघातली सर्वांत बिनधास्त चढाईपटू 'अति चिंताग्रस्त' ठरली. तिचा आत्मविश्वासच मी चिंतेत धरला होता. 'शरीर सैल वाटतंय' या विधानाचे गुण उलटे मोजायचे असतात, तेही माझ्याकडून राहिलं होतं.

भाषांतराचीही गंमत आहे. आमच्या फॉर्मवर 'माझे पोट बुडत आहे' असं छापलं होतं. मुली खो-खो हसल्या. 'पोटात गोळा आलाय' म्हटल्यावर पटापट खुणा झाल्या. पण असा घरगुती मराठी फॉर्म वापरलात, तर परदेशी खेळाडूंच्या गुणांच्या तक्त्याशी तुलना करू नका. त्याच मुलीच्या मागच्या सामन्याशी करा.

वेळ चुकली तरी आकडा फसवतो. काळजी चार दिवस आधीपासूनच पोखरत असते. घाम, थरथर, पुन्हा पुन्हा लघवीला जाणं हे सामना तोंडावर आला की वाढतं आणि पहिल्या दोन-तीन चढायांत बहुतेक ओसरतं. एकदाच मोजून काय कळणार? नाडी मोजणाऱ्यांनी आधी चहा आणि वॉर्म-अपचा हिशेब धरावा.

संघ निवडणाऱ्याने समोर उभं राहून फॉर्म भरून घेऊ नये. खरं लिहिलं तर बाकावर बसावं लागेल, हे पोरांना कळतं. स्कॅटच्या मूळ कागदावर शीर्षकात 'चिंता' हा शब्दच नाही, तिथे 'इलिनॉय स्पर्धा प्रश्नावली' असं लिहिलेलं असतं. ते उगाच नाही.

शेवटी आकडा जास्त आला, तर लगेच 'शांत हो' म्हणू नका. 'या धडधडीने तुझा खेळ खुलतो की अडतो?' एवढं विचारा. एक मुलगी मला म्हणाली होती, "सर, छाती धडधडली नाही, त्या दिवशी माझी पहिलीच चढाई पकडली जाते."