घरच्या मेणबत्त्या : मेण कसं वितळवावं आणि कसं ओतावं

वातीभोवती खोल खड्डा, काचेच्या आतून पांढरट चट्टे, पहिल्याच दिवशी मेणात बुडून विझणारी ज्योत. घरी केलेल्या मेणबत्त्यांच्या बहुतेक तक्रारी या तीन. पहिल्या दोन मेणाच्या तापमानाशी जोडलेल्या आहेत, तिसरी वातीच्या जाडीशी. म्हणून रंगीत साचे आणि सजावटीच्या आधी ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि 100 अंशांच्या वर मोजणारा तापमापक घ्या. मेण नुसतं पाहून ते 65 अंशांवर आहे की 90 वर, हे कळत नाही.

इथलं माप काचेच्या सहा ग्लासांचं आहे. ग्लास जाड, सरळ भिंतीचे आणि साधारण 7 सेंटिमीटर रुंद असावेत. पातळ काच जळताना तडकू शकते.

मेण किती आणि कोणतं

ग्लासात मेण जिथवर हवं तिथवर पाणी भरा, त्या पाण्याचं वजन करा आणि 0.9 ने गुणा. पाणी 150 ग्रॅम भरलं तर मेण 135 ग्रॅम लागेल. सहा ग्लासांचे झाले 810 ग्रॅम. भांड्याला चिकटून राहणारं मेण धरून 900 ग्रॅम घ्या. नंतर ग्लास अगदी कोरडे पुसा.

पहिल्यांदा करत असाल तर 58 ते 60 अंशांना वितळणारं पांढरं पॅराफिन घ्या. ते स्वस्त असतं, सहज मिळतं आणि रंग चांगला धरतं. सोयामेण 50 अंशांच्या आसपासच वितळतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खिडकीत ठेवलेली सोयाची मेणबत्ती मऊ पडते. मधाच्या पोळ्याचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. त्याला स्वतःचा सुरेख वास असतो, पण ते महाग आहे. सरावाच्या घाण्यात ते घालवू नये.

वात

देवघरातली वळलेली कापसाची वात तेलासाठी असते. मेणात ती मऊ पडून वाकते आणि धूर करते. मेणबत्तीला विणलेली सुती वात लागते. तिचं टोक जळताना ज्योतीच्या कडेला वळतं आणि तिथे पुरतं जळून जातं, त्यामुळे काजळीचा गोळा कमी धरतो. 1825 मध्ये फ्रान्समध्ये काम्बासेरेस यांनी ही विणलेली वात आणली. त्याआधी जळलेलं टोक दर थोड्या वेळाने कात्रीने छाटत बसावं लागे.

वात घेताना दुकानदाराला ग्लासाची रुंदी आणि मेणाचा प्रकार सांगा. जवळपासच्या दोन-तीन जाड्यांच्या वाती आणून एकेक ग्लास करून पाहिलेला बरा. वात वितळलेल्या मेणात बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की काढून सरळ ताणून वाळवा. खाली पत्र्याची चकती अडकवा, ती मेणाच्या थेंबाने ग्लासाच्या तळाशी मधोमध चिकटवा आणि वरचं टोक कपड्यांच्या चिमट्यात धरून चिमटा ग्लासाच्या तोंडावर आडवा ठेवा.

वितळवणं

मेणाचं भांडं थेट आचेवर कधीही ठेवू नका. पाणी 100 अंशांना उकळतं आणि तिथेच थांबतं. पॅराफिन तसं थांबत नाही. ते शांत दिसत असतानाच तापत जातं आणि 200 अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. पाण्यात ठेवलेल्या भांड्यातलं मेण मात्र 100 अंशांच्या पुढे जात नाही.

मोठ्या पातेल्यात तळाशी कुकरमधली जाळी ठेवा, वर चार-पाच सेंटिमीटर पाणी घाला आणि जाळीवर मेणाचं चोचीचं स्टीलचं भांडं ठेवा. मेणाची लादी जुन्या कापडात गुंडाळून बत्त्याने फोडून घ्या. तुकडे जितके लहान, तितका वेळ वाचतो. पाण्याला उकळी आली की आच मंद करा. 900 ग्रॅमला साधारण अर्धा तास लागतो. पातेल्यातलं पाणी आटू देऊ नका. मेणात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. त्याने मेण तडतडतं आणि नंतर वात फुरफुरते.

मेण पेटलंच तर गॅस बंद करा आणि भांड्यावर झाकण सरकवा. पाणी टाकू नका. ते मेणापेक्षा जड, त्यामुळे तळाशी जातं, क्षणात वाफ होतं आणि पेटतं मेण चहूकडे उडवतं. शेगडीजवळ झाकण आधीच काढून ठेवा. मुलांना या वेळेत स्वयंपाकघराबाहेर ठेवा, आणि मेणापासून हलू नका.

मेण 80 ते 85 अंशांवर आलं, एकही तुकडा उरला नाही, की रंग घाला. मेणात विरघळणाराच रंग हवा. खाण्याचे रंग पाण्यातले असतात, ते तळाशी बसतात. मेणाच्या खडूंमधली भुकटी वातीत अडकून तिला तुंबवते. रंग चिमूटभरच, पांढऱ्या बशीवर थेंब टाकून गोठू द्या, मग खरी छटा दिसते.

भांडं आचेवरून उतरवून 75 ते 80 अंशांवर मेणबत्तीसाठीचं सुगंधी तेल घाला. शेकडा पाच, म्हणजे इथे 45 ग्रॅम. सावकाश दोन मिनिटं पूर्ण ढवळा. हे तेल न मुरलेलं राहिलं तर वर घाम आल्यासारखे थेंब दिसतात. अंगावर मारायचा परफ्यूम चालत नाही. त्यात अल्कोहोल असतं, ते मेणात मिसळत नाही आणि भडकतं.

ओतणं

पंखा बंद. ग्लास कोमट असू द्या. गार काचेला गरम मेण लागलं की कडा आधी गोठते आणि आडव्या रेघा उमटतात. 70 ते 75 अंशांवर बारीक धारेने, उंचावरून न सोडता, खुणेपर्यंत ओता आणि ग्लास हलकेच ठोका, म्हणजे हवा वर येते. फार तापलेलं मेण ओतलं तर खड्डा खोल पडतो आणि वासही उडतो. थंड ओतलं तर पायऱ्या आणि पांढुरके डाग दिसतात. भांड्यात उरलेलं मेण दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवा.

आता खरी मेहनत. पॅराफिन गोठताना बरंच आकसतं आणि ते शेवटी मध्यभागी गोठतं, म्हणून पोकळी नेमकी वातीला लागून तयार होते. पाऊण-एक तासाने वर साय धरली की बांबूच्या काडीने वातीभोवती तीन-चार भोकं पाडा, दोन-तीन सेंटिमीटर खोल. ही पायरी टाळली की वरून मेणबत्ती छान दिसते आणि आत पोकळ राहते. ज्योत तिथे पोहोचली की मेण एकदम खाली जातं आणि वात उघडी पडते.

दोन-तीन तासांनी, ग्लास कोमट असतानाच, उरलेलं मेण पुन्हा 75 ते 80 अंशांवर आणून भोकं आणि खड्डा भरा. पहिल्या पातळीच्या किंचित खाली थांबा. वर गेलं तर मेण काचेच्या भिंतीशी झिरपून तिथे डाग धरतात. फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह टाळा, त्याने मेणाला तडे जातात आणि ते काचेपासून सुटतं. रात्रभर तसंच राहू द्या.

पेटवून पाहा

दोन दिवस थांबून वात 5 ते 6 मिलिमीटर ठेवून कापा. पहिल्या वेळी मेण काठापर्यंत वितळेपर्यंत, म्हणजे अडीच-तीन तास, जळू द्या. लवकर विझवलीत तर पुढच्या वेळीही तेवढंच वर्तुळ वितळतं आणि मधोमध विहीर होत जाते. तीन तासांनीही काठाला मेण कोरडंच राहिलं, किंवा ज्योत बुडू लागली, तर वात बारीक आहे. धूर, काजळी आणि टोकाला फुगीर गोळा येत असेल तर ती जाड आहे. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की विझवा, नाहीतर ज्योतीची आच थेट काचेला लागते.

काचेवरचे थोडे चट्टे मात्र मनाला लावून घेऊ नका. मेण काचेपासून सुटल्याने ते दिसतात, जळण्यात त्याने फरक पडत नाही.

मेणाचं भांडं गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसा आणि कागद कचऱ्यात टाका. सिंकमध्ये ओतलेलं मेण पाइपात गोठतं. अंगावर मेण सांडलं तर ओढून काढू नका. आधी 20 मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरा. उरलेलं मेण कागदी कपात ओतून वर सुगंधाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या घाण्यात ते घालताना लागेल.