नैरोबीत रिलीफच्या रिसर्च जॉबसाठी येणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या पोरांसाठी

सध्या सुट्टीला सांगलीत विश्रामबागेत घरी आलोय. तीन दिवसांत चार जण भेटून गेले, दोघांची पोरं नैरोबीत पोचलीत, एकाची बॅग भरून तयार आहे, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, दादा त्या मदतकार्याच्या संस्थांत रिसर्चची नोकरी लागते कशी. प्रत्येकाला चहाबरोबर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच टाईप करतो. मी २०२१ पासून तिकडं आहे. विट्या-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेली तेव्हा आधी गेलेला नव्याला जागा पण दाखवायचा आणि गिऱ्हाईक पण. मी जागा दाखवतो, गिऱ्हाईक तुमचं तुम्ही बघा.

आधी कागदाचं. ईटीए, म्हणजे केनियात शिरायची ऑनलाईन परवानगी, काढून फिरायला म्हणून आलात तर त्यावर नोकरी करता येत नाही, वर्क परमिट लागतं आणि त्यासाठी तुम्हाला घेणारी संस्था पाठीशी लागते. म्हणून जाहिरात उघडली की पगार नंतर बघा, आधी पोस्ट नॅशनल आहे का इंटरनॅशनल ते बघा. नॅशनल म्हणजे केनियाच्या नागरिकाला, तिथं तुम्ही कितीही हुशार असा, अर्ज वाया. आपल्याला इंटरनॅशनल पोस्ट, कन्सल्टंटची कामं, नाहीतर यूएन व्हॉलंटियर. यूएनमधे पी-२ ला, म्हणजे ऑफिसरच्या खालच्या ग्रेडला, साधारण मास्टर्स आणि वर दोन वर्षांचा अनुभव मागतात, त्यामुळं नुसती डिग्री घेऊन आलेल्यांनी गिगिरीच्या यूएन कॉम्प्लेक्ससमोर सेल्फी काढून घ्यावा आणि छोट्या संस्थांकडं वळावं. आणि यूएनच्या नोकरीला कुणी प्रोसेसिंग फी मागितली तर तो चोर आहे, यूएन अर्जाला, इंटरव्ह्यूला, ट्रेनिंगला कशालाच पैसे घेत नाही.

रिलीफवेब ह्या मदतकार्याच्या वेबसाईटवर जाहिराती असतात, सगळ्यांना माहिती आहे, पण पोरं तिथं 'रिसर्च' टाकून शोधतात आणि पाच-सहाच दिसल्या की तोंड पाडून बसतात. हे काम वेगळ्या नावानं मिळतं. असेसमेंट ऑफिसर, इन्फर्मेशन मॅनेजमेंट, एम अँड ई म्हणजे कामावर देखरेख आणि मूल्यमापन, आणि त्यातलंच एक एम-ई-ए-एल, त्याला सगळे मील म्हणतात, आमच्या आईला वर्षभर वाटत होतं मी मेसवर आहे. रीच, अकॅप्स यांच्यासारख्या संस्थांचं तर मुख्य कामच माहिती गोळा करून तिचा अर्थ लावायचा.

एक कडू गोष्ट पण सांगतो. जानेवारी २०२५ मधे अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली, १ जुलैला यूएसएड ही त्यांची मदतीची सरकारी संस्था बंदच झाली, नैरोबीत माझ्या ओळखीतली दहा-दहा वर्षं काम केलेली माणसं एका ईमेलवर घरी गेली. ती सगळी आता तुमच्याच लाईनीत उभी आहेत. कुपवाड एमआयडीसीतली चालू नोकरी सोडून नुसत्या आशेवर येऊ नका, इथनंच अर्ज टाका.

आता अर्जाचं, इथं जरा थांबतो कारण सगळे इथंच आपटतात. माझं पहिलं कव्हर लेटर 'लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे' असं सुरू व्हायचं. तीसेक ठिकाणी टाकलं, एकाचं उत्तर नाही. मग एका मॅडमनी ते वाचलं आणि म्हणाल्या अरे तू पुरात काय केलंस ते कुठाय ह्यात? २०१९ चा सांगलीचा पूर, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं. पाणी उतरल्यावर आम्ही पाच जण गावभागात आणि शामरावनगरात घरोघर फिरून नुकसान लिहीत होतो. यादी रेशनकार्डावरनं केलेली. तिसऱ्या दिवशी एका वाड्याच्या मागल्या खोलीतल्या बाईंनी विचारलं, आमचं लिहिणार का मालकाचं लिहिलं की झालं? त्या भाडेकरू, कार्ड जतला. भिंतीवर चिखलाची रेघ डोक्याच्या वर, आणि आमच्या वहीत ती खोलीच नाही. म्हणजे तीन दिवस आम्ही भाडेकरू वगळून हिंडत होतो. मग परत पहिल्यापासून, ह्या वेळी कार्ड नाही तर चूल मोजायची, एका चुलीवर जेवणारे ते एक घर. नंतर कळलं की सर्व्हेच्या पुस्तकात पण कुटुंबाची व्याख्या जवळजवळ तीच असते.

ही चूक जशीच्या तशी लेटरमधे लिहिली. इंटरव्ह्यूत अर्ध्या तासातली वीस मिनिटं त्यावरच गेली, कोण सुटलं, कसं कळलं, परत गेल्यावर आकडा किती बदलला. म्हणून म्हणतो, आवड-बिवड लिहू नका. किती घरं, यादी कुठनं आणली, किती दिवस लागले, काय चुकलं, हे लिहा. दुष्काळी भागातल्यांनी तर आपला अनुभव लिहायला मुळीच लाजू नये.

लेखी टेस्ट असते, एक घाणेरडी एक्सेल देतात आणि दोन-तीन तास. मला पाण्याची आलेली. स्फिअर म्हणजे मदतकार्याची जगभर मानलेली किमान मापं, त्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात, तर किती कुटुंबं त्याच्या खाली ते काढायचं. शीटमधे कुणाचं २०, कुणाचं ४. बाकीच्यांनी ४ हे लिटर धरलं. मी जत-आटपाडीच्या टँकरवर उभा राहिलेला माणूस, मला लगेच वाटलं हे ४ कॅन असणार, कारण आपल्याकडं पण बायका लिटर सांगत नाहीत, घागरी सांगतात, आणि घागर पण घरोघरी वेगळ्या मापाची. तिकडं पिवळे जेरीकॅन असतात, बहुतेक २० लिटरचे. उत्तरात लिहिलं की हे आधी फील्डला फोन करून खात्री करावी लागेल, अंदाजानं गुणू नये. कोबो हे सर्व्हेचं ॲप, एक्सेल, जमलं तर आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, एवढं शिकून घ्या, फुकट शिकता येतं, पण ही खात्री करायची खोड कुठला कोर्स लावत नाही.

काम लागल्यावर लगेच काकुमाच्या किंवा दादाबच्या निर्वासित छावणीत पळता येईल असं वाटतं, तसं नसतं. केनियात संशोधनाला नाकोस्टी ह्या सरकारी आयोगाचं लायसन्स लागतं, एथिक्सची मंजुरी वेगळी, आणि निर्वासित छावणीत जायला सरकारी परवानगी वेगळी. आठवडेच्या आठवडे जातात. प्रपोजलच्या टाईमटेबलात हे धरलंत तर समजतं की माणसाला काम माहितीय.

नावाचा घोळ आधीच मिटवा, पासपोर्टवर एक, मार्कशीटवर आडनाव आधी, सीव्हीत वडिलांचं नाव गायब, असं असलं की संस्थेचा एचआर गोंधळतो. रेफरन्सला कॉलेजच्या सरांचं नाव देताय तर सर ईमेल उघडतात का ते आधी विचारा हो.

राहायला नैरोबीतलं पार्कलँड्स बरं, आपलं किराणा मिळतं. पैसे सगळे मोबाईलवर एम-पेसानं, मटाटूत म्हणजे तिकडच्या वडापात खिसा सांभाळा, आणि जून-जुलैत स्वेटर लागतो, आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून मी नुसते सुती शर्ट नेलेले. स्वाहिलीला घाबरू नका, दुकानाला दुका, गाडीला गारी, विम्याला बिमा, चहाला चाय, निम्मी भाषा तर सांगलीतनंच शिकून निघालाय.

आणि इंटरव्ह्यूची वेळ नीट वाचा, नैरोबी आपल्या अडीच तास मागं आहे. साताऱ्याचा एक पोरगा, मेलमधे बारा वाजता लिहिलेलं, हा टाय लावून साताऱ्याच्या बाराला लॅपटॉपसमोर. अर्धा तास बसला, कुणी येईना, रद्द झालं समजून शर्ट काढला, जेवला आणि झोपला. अडीचला पॅनेल जमलं तेव्हा ह्याचा फोन सायलेंटवर.