पहिली सर्व्हर-साइड भाषा कशी निवडायची

जळगावात बीसीएच्या मुलांना मी वेब प्रोग्रामिंग शिकवतो. वेबसाइटचा सर्व्हरवर चालणारा, पडद्यामागचा भाग जिच्यात लिहितात ती सर्व्हर-साइड भाषा. "सर, आधी कोणती भाषा शिकू?" असं कुणी विचारलं की मी विचारतो, काम कुठे करायचंय?

पुण्यात बँका-विम्याची सॉफ्टवेअर करणाऱ्या मोठ्या कंपनीत जायचं असेल, तर जावा आणि तिच्यात वेब अ‍ॅप बनवायचं तयार साधन, स्प्रिंग बूट, धरा. सुरुवातीला जड जाईल, पण शिस्त लागते. इथेच राहून दुकानं, शाळा, दवाखान्यांच्या वेबसाइट करायच्या असतील तर पीएचपी. १९९५ची भाषा म्हणून नाकं मुरडू नका. वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस तिच्यावरच चालतं आणि स्वस्तातल्या होस्टिंगवर (वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) ती तयार मिळते. जावास्क्रिप्ट येत असेल तर तीच सर्व्हरवर चालवणारं नोड, डेटाकडे ओढा असेल तर पायथन.

दोन भाषांत अडकलात, तर दोन्हींत एकच छोटं काम करून बघा. मी रावेरच्या केळी व्यापाऱ्याची नोंदवही करायला लावतो. फॉर्मात तारीख, शेतकऱ्याचं नाव, क्विंटल, भाव. सेव्ह केलं की मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये जावं आणि यादीत दिसावं. मग नावात मुद्दाम एक सिंगल कोट टाका. एरर आली, तर तुम्ही नाव थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, चिकटवलंय, आणि हॅकर नेमका तिथूनच आत शिरतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, त्यात आज्ञा आणि माहिती वेगळी ठेवतात. हे ज्या भाषेत तुम्हाला स्वतः वाचून-शोधून दुरुस्त करता आलं, ती घ्या आणि वर्षभर सोडू नका.

सोबत एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम) आणि गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) पक्कं करा. नोंदवहीचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाका, मुलाखतीत तीच उघडून दाखवा.