राखीव मेल सर्व्हरच्या वाटेने शिरणारा स्पॅम कसा रोखावा

मुख्य मेल सर्व्हरवरील तपासणी कडक असूनही स्पॅम येतच असेल, तर डोमेनच्या सर्व एमएक्स नोंदी (त्या डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणाऱ्या नोंदी) पाहाव्यात. प्राधान्यक्रम १० असलेला (आकडा जितका लहान, तितका तो सर्व्हर आधी) मुख्य सर्व्हर सुरळीत चालू असतानाही घाऊक ईमेल पाठवणारे मुद्दाम प्राधान्यक्रम २० असलेल्या, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना पत्रे घेणाऱ्या राखीव सर्व्हरकडे वळतात, कारण तिथली तपासणी बहुधा ढिली असते. मी सांभाळत असलेल्या एका डोमेनच्या लॉगमध्ये राखीव सर्व्हरने ‘सेल्स’, ‘अकाउंट्स’ अशा कधीच अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवरची पत्रेही निमूटपणे स्वीकारलेली आढळली.

१. राखीव सर्व्हरची खरी गरज नसेल, तर त्याची एमएक्स नोंद काढून टाकावी. माझ्या मते लहान संस्थांसाठी हाच उत्तम मार्ग आहे. मुख्य सर्व्हर काही तास बंद राहिला, तरी नियमाने चालणारे सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतात, आणि ईमेल पोहोचवण्याचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ५३२१ या मानकात त्यासाठी साधारणपणे किमान ४ ते ५ दिवसांची मुदत सांगितली आहे.

२. तो ठेवायचाच असेल, तर वैध पत्त्यांची यादी, ब्लॉकलिस्ट (स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची यादी) आणि एसपीएफ तपासणी (पाठवणारा आयपी पत्ता त्या डोमेनसाठी अधिकृत आहे का) त्याच्यावरच बसवावी. पत्र पुढे मुख्य सर्व्हरकडे जाते तेव्हा जोडणी राखीव सर्व्हरच्या आयपीवरून होते, त्यामुळे मुख्य सर्व्हरवर केलेली आयपीची तपासणी निरुपयोगी ठरते. शिवाय मुख्य सर्व्हरने नाकारलेले पत्र राखीव सर्व्हर परत पाठवतो, आणि ज्याचा पत्ता प्रेषक म्हणून खोटेपणाने वापरला गेला, त्या निरपराध माणसाकडे ते जाते.

सावधगिरी: नोंद काढल्यावर तिचा टीटीएल (इतर सर्व्हर जुनी नोंद जपून ठेवतात तो काळ) संपेपर्यंत आणि रांगेतील पत्रे पोहोचेपर्यंत राखीव सर्व्हर बंद करू नये.